काचेवरचे पाणी चाकापाशीच अडवावे

आषाढात चातुर्मासाला प्रारंभ होतो. साधू-साध्वी एका गावी स्थिरावतात आणि श्रावकांच्या घरच्या गाड्या मात्र नेमक्या याच महिन्यांत अधिक धावू लागतात. रविवारी दर्शनाला जाणे, पर्युषणाच्या निमित्ताने गावी येणे-जाणे, आणि उरलेल्या दिवसांत व्यापाराची फिरती. सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी, निपाणी या पट्ट्यातील व्यापाऱ्यांना वसुलीसाठी किंवा मागणी घेण्यासाठी आंबा, फोंडा, गगनबावडा, कुंभार्ली यांपैकी एखाद्या घाटाने कोकणात उतरावे लागते. पाऊस कोसळत असला तरी पेढीचे वेळापत्रक थांबत नाही.

अशा घरांपुढे अलीकडे उंच बांधणीची गाडी उभी दिसते. खड्ड्यात पोट आपटत नाही, कच्च्या रस्त्यावर अडत नाही आणि पाणी साचले तरी सहज पार होते, हा तिच्या खरेदीमागचा नेहमीचा युक्तिवाद. तो खोटाही नाही. परंतु पहिल्याच मोठ्या पावसात चालकाला एक वेगळा अनुभव येतो. रस्त्याच्या कडेला साचलेल्या डबक्यात चाक शिरते, खालून धप्पकन आवाज येतो आणि पुढच्याच क्षणी गढूळ पाण्याचा पडदा समोरच्या काचेवर आदळतो. मागे बसलेली मुले आनंदाने ओरडतात. वायपर एकदा फिरतो, दुसऱ्यांदा फिरतो, आणि रस्ता पुन्हा दिसू लागतो. काही बिघडलेले नसते. घरी पोहोचेपर्यंत प्रसंग विसरला जातो.

त्या प्रसंगाचा हिशेब मात्र मांडून पाहण्यासारखा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर अंतर कापते. वाहनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार वायपरने वेगवान गतीत मिनिटाला किमान ४५ फेऱ्या माराव्यात अशी अपेक्षा असते; म्हणजे एका फेरीला सव्वा सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. गढूळ पाणी एका फेरीत स्वच्छ होत नाही. दोन सेकंद काच आंधळी राहिली असे धरले, तरी गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. बाजारपेठेतील चार मीटर रुंदीची आठ दुकाने या अंतरात मागे पडतात. त्या आठ दुकानांसमोर सायकलवरचा मुलगा होता की नव्हता, हे चालकाला ठाऊक नसते. वेग ताशी ८० असेल, तर हेच अंतर ४४ मीटर होते.

या सगळ्यात सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. काचेवर आदळलेले ते पाणी आभाळातून पडलेले नसते. समोरून वा शेजारून दुसरे वाहन गेलेले नसेल, तर ते आपल्याच गाडीच्या पुढच्या चाकांनी उचललेले असते. म्हणून त्याचा खरा उपाय काचेवर सापडत नाही. तो चाकापाशी आणि चालकाच्या पायापाशी शोधावा लागतो.

पाणी वर येते कसे

चाकाने उडवलेले पाणी काचेपर्यंत दोन वाटांनी पोहोचते. पहिली वाट लाटेची. डबके खोल असेल, तर टायरच्या खाचांतून निसटून जाण्याइतका अवसर पाण्याला मिळत नाही. टायर ते पुढे आणि बाजूंना ढकलतो. होडीच्या नाळेपुढे लाट उठते, तशी लाट चाकापुढे उठते, बंपरच्या खालच्या कडेवर आदळते आणि वाट मिळेल तिकडून वर उसळते. गाडी तिच्याच दिशेने धावत असल्याने समोरचा वारा ते पाणी बॉनेटवर आणि तेथून काचेवर आणून टाकतो.

दुसरी वाट चाकाच्या फिरण्याची. गाडी पुढे जात असताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर स्थिर असतो, मागचा भाग वर चढत असतो आणि माथा पुढे धावत असतो. रस्त्याच्या संदर्भात पाहिले, तर हा माथा गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. टायरच्या खाचांत शिरलेले पाणी मागच्या बाजूने वर चढते. त्यातील काही तेथेच सुटून मागे व बाजूंना उडते, उरलेले माथ्यापर्यंत जाते आणि तेथून पुढे फेकले जाते. चाकावरील कमान समोरच्या बाजूने पुरेशी खाली उतरलेली असेल, तर हे पाणी कमानीतच अडून खाली गळते. कमान तोकडी असेल, तर ते गाडीच्याही पुढे फेकले जाते. हवेच्या विरोधामुळे थेंबांचा वेग लगेच मंदावतो, मागून येणारी गाडी त्यांना गाठते आणि चालक स्वतःच उडवलेल्या पाण्यात काच घालतो.

पाण्याचे हे प्रमाण ऐकून नवल वाटावे. रस्त्यावर केवळ २ मिलिमीटर पाणी आहे, टायर २० सेंटिमीटर रुंद आहे आणि वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर आहे असे धरू. तर एका टायरच्या वाटेत दर सेकंदाला ८ लिटर पाणी येते. डबके ५ सेंटिमीटर खोल आणि २ मीटर लांब असेल, तर वेग कितीही असो, एका चाकाच्या वाटेत २० लिटर, म्हणजे एक मोठी बादली पाणी असते. वेगाने गेल्यास ही बादली अर्ध्या सेकंदाच्या आत रिकामी होते. हळू गेल्यास तेच पाणी शांतपणे बाजूला सरते.

उंच गाडीचीच अडचण का

उंच बसलेल्या माणसाला पाणी दूर वाटते. प्रत्यक्षात गाडीला उंची देणाऱ्या रचनेमुळेच पाण्याला वर येण्याची वाट मोकळी होते. ठेंगण्या मोटारीचा बंपर जमिनीलगत असतो, चाकाच्या पुढे बराच खाली उतरलेला असतो आणि कमान टायरला जवळून झाकते. तिची काच तिरकी असल्याने हवा तिच्यावरून घसरत वर जाते व बारीक थेंबांना सोबत नेते. उंच गाडीत हे सारे उलट असते. चढणीवर पुढचा भाग टेकू नये म्हणून बंपर वर उचललेला आणि कडेने कापलेला असतो. चाकाला वर-खाली हलण्यास जागा हवी म्हणून कमान प्रशस्त असते. टायर मोठा, त्याच्या खाचा खोल, आणि काच बरीच उभी असते.

उदाहरणादाखल २०२० साली आलेल्या महिंद्रा थारचे आकडे पाहावेत. जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर, पुढच्या बाजूने चढ घेण्याचा कोन सुमारे ४१ अंश आणि पाण्यातून जाण्याची खोली ६५० मिलिमीटर. डोंगरातील वाटेसाठी हे गुण मोलाचे आहेत. परंतु ४१ अंशांचा कोन मिळवायचा, तर चाकापुढील पत्रा कमी करावाच लागतो. डोंगराला दिलेली ही सवलत पावसाळ्यात पाणीही घेते.

कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा या दोन गरजांचा मेळ बऱ्यापैकी घातलेला असतो. तो बिघडतो नंतर, सजावटीच्या दुकानात. रुबाबासाठी मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवले जातात. चाके बाहेर दिसावीत म्हणून त्यांच्या आत धातूची चकती, म्हणजे स्पेसर घातला जातो. मूळ बंपर काढून त्या जागी मधोमध आखूड लोखंडी बंपर येतो आणि चाकांसमोरचा भाग पूर्ण उघडा पडतो. टायर २० ऐवजी २७ सेंटिमीटरचा झाला, तर त्याच्या वाटेत येणारे पाणी एक तृतीयांशाहून अधिक वाढते, आणि कमानीबाहेर डोकावणाऱ्या टायरच्या पट्टीवर तर काहीच आच्छादन उरत नाही. त्या पट्टीवरून सुटलेले पाणी थेट काचेच्या कोपऱ्यावर आणि बाजूच्या आरशावर येते.

या हौसेला कायद्याचीही आडकाठी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. पुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी नळ्यांच्या बुलबारविरुद्ध कारवाई करावी, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते. म्हणून पाणी उडण्याची तक्रार असलेल्या गाडीत काही नवे बसवण्याआधी, नंतर बसवलेले काय काढता येईल हे प्रथम पाहावे. बहुतेकदा निम्मे काम तेथेच होते.

दोष कुठे आहे ते कसे ओळखावे

पावसातील फेरीनंतर गाडी लगेच धुऊ नये. चिखलाच्या खुणा पाण्याची वाट सांगतात. बॉनेटच्या दोन्ही कडांवर, चाकांच्या वरच्या बाजूस शिंतोडे दाट असतील, तर पाणी टायरच्या माथ्यावरून आलेले आहे. बॉनेटच्या मधोमध आणि पुढच्या जाळीवर चिखल असेल, तर ते बंपरखालून उसळलेल्या लाटेचे आहे. सगळीकडे सारखा, बारीक, राखेसारखा थर असेल, तर तो पुढे चाललेल्या ट्रकच्या तुषारांचा आहे. उजव्या बाजूपेक्षा डावीकडे शिंतोडे अधिक असतील, तर गाडी रस्त्याच्या कडेच्या पाण्यातून चालवली जात आहे, हे त्याचे साधे कारण असते.

दुसरी तपासणी गवंड्याच्या ओळंब्याने होते. गाडी सपाट जागी उभी करून चाके सरळ ठेवावीत. कमानीच्या सर्वांत वरच्या कडेवरून ओळंबा सोडावा. दोरी टायरला न लागता खाली आली, तर टायर आच्छादनाच्या आत आहे. दोरी टायरच्या फुगीर भागाला अडून बाहेर ढकलली गेली, तर तेवढा भाग उघडा आहे. मग कमानीत आतून हात फिरवून पाहावा. चाकाच्या वर प्लॅस्टिकचे अस्तर असते. त्याला गॅरेजमध्ये फेंडर लायनर म्हणतात. जुन्या गाड्यांत त्याच्या खुंट्या तुटलेल्या असतात, पुढचा भाग लोंबत असतो, कधी तर तो काढून टाकलेला असतो. किरकोळ वाटणारी ही वस्तू टायरने पुढे फेकलेले पाणी अडवण्याचे मुख्य काम करते.

चाकापाशी करावयाचे उपाय

पहिला उपाय म्हणजे हे अस्तर पूर्ववत करणे. तुटलेल्या खुंट्या बदलाव्यात, हरवलेला तुकडा मूळ मापाचा आणून बसवावा. खर्च किरकोळ असतो आणि गाडीच्या रचनेत कोणताही बदल होत नाही.

दुसरा उपाय कमानीच्या कडेचा. टायर मूळ मापाचे असूनही किंचित बाहेर दिसत असतील, तर कमानीच्या कडेला रबराची अथवा प्लॅस्टिकची पट्टी बसवता येते. ती टायरच्या बाहेरच्या कडेपलीकडे बोटभर आली तरी पुरते. अशी पट्टी शक्यतो निर्मात्याच्या अधिकृत सुट्या भागांतूनच घ्यावी. ती त्या गाडीच्या पत्र्याला नीट बसते.

तिसरा उपाय चाकाच्या पुढच्या बाजूचा, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. पाणी उडते म्हटले की दुकानदार चाकाच्या मागे रबरी मडफ्लॅप लावून देतो. मागचा फ्लॅप उपयोगाचाच आहे. तो गाडीचा पत्रा आणि मागून येणाऱ्याला वाचवतो. परंतु समोरच्या काचेवर येणारे पाणी चाकाच्या माथ्यावरून पुढे जाते, त्यामुळे मागच्या फ्लॅपने ते थांबत नाही. त्यासाठी कमानीच्या पुढच्या कडेला, बंपरच्या मागील बाजूने, लवचिक रबराचा पडदा खाली उतरवावा लागतो. रबर इतके जाड असावे की वाऱ्याने मागे वळणार नाही आणि इतके लवचिक असावे की दगडाला लागल्यास दुमडून पुन्हा सरळ होईल. तो बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे. मग गाडीत माणसे बसवून पुन्हा पाहावे. टायर कोठेही घासता कामा नये. रेडिएटरकडे किंवा ब्रेककडे जाणारी हवा अडेल अशा जागी पडदा कधीही लावू नये.

चौथी बाब टायरची. चारचाकीच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते, आणि खाचांमध्येच असलेले रबराचे उंचवटे टायर त्या मर्यादेपर्यंत झिजल्याचे दाखवतात. झिजलेल्या टायरला पाणी गिळता येत नाही. तो ते पुढे लोटतो आणि शेवटी त्यावर तरंगू लागतो. नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांवरील प्रयोगांतून १९६० च्या दशकात मांडलेल्या सूत्रानुसार ३२ पौंड हवा असलेले टायर साचलेल्या पाण्यावर ताशी सुमारे ९४ किलोमीटरला रस्ता सोडते. हवा २४ पौंड असेल, तर ८२ किलोमीटरलाच. त्यामुळे पावसाळ्यात हवेचा दाब दर पंधरवड्याला तपासावा. माल वाहणाऱ्या पिकअपच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. सगळे ओझे अगदी मागे रचले, तर गाडीचे नाक उचलले जाते आणि पुढच्या टायरवरची कमान आणखी दूर जाते. माल शक्य तितका केबिनच्या बाजूने रचावा.

पायापाशी असलेला उपाय

वरील सर्व उपाय केले तरी त्यांची मर्यादा वेग ठरवतो. चाकावरून उभा सुटलेला थेंब किती उंच जाईल, याचा हिशेब शाळेतील पदार्थविज्ञानाने करता येतो. गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तो सुटलेल्या जागेपासून जेमतेम ४० सेंटिमीटर चढतो. ताशी २० ला दीड मीटरहून थोडा अधिक. ताशी ४० ला सहा मीटरहून अधिक. हवेच्या विरोधाने प्रत्यक्षातील उंची घटते, तरी प्रमाण तेच राहते. वेग दुप्पट केला की उंची चौपट होते. उंच गाडीच्या चाकाचा मध्य जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटरवर आणि बॉनेट एक मीटरच्या आसपास असते. म्हणजे ताशी १० च्या चालीने उडालेले पाणी बॉनेटलाही पोहोचत नाही, आणि ताशी २० ने उडालेले छतापर्यंत जाऊ शकते. माणसाची भरभर चाल आणि सायकलीची चाल यांत जेवढा फरक, तेवढाच हा फरक आहे.

म्हणून डबके दिसताच वेग कमी करावा, आणि तो डबक्याच्या आधी कमी करावा. पाण्यात शिरल्यावर ब्रेक दाबला, तर गाडीचे नाक खाली झुकते, बंपर पाण्याच्या जवळ जातो आणि लाट अधिकच उसळते. आधीच पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये येऊन, संथ आणि एकसारख्या गतीने पाणी ओलांडावे. बाहेर पडल्यावर ब्रेक एक-दोनदा हलकेच दाबून ते कोरडे करून घ्यावेत.

महामार्गावर सलग पाण्याचा पातळ थर असतो. तेथे चालण्याच्या गतीला उतरता येत नाही, परंतु ताशी ८० ऐवजी ६० ने गेल्यास उडणाऱ्या पाण्यातील जोर निम्म्याच्या जवळपास येतो. रस्ता वाचण्याची सवयही उपयोगी पडते. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मधून किंचित उंच आणि कडांना उतरता केलेला असतो. दर मीटरला साधारण दोन सेंटिमीटर. त्यामुळे पाणी डाव्या कडेला साचते. वळणावर मात्र रस्ता एकाच बाजूला कललेला असतो, आणि दुभाजक असलेल्या महामार्गावर ते पाणी दुभाजकालगत, वेगवान मार्गिकेत थांबते. आपल्या मार्गिकेच्या मध्यावरून गाडी चालवल्यास दोन्हीकडचे पाणी टळते. एकच चाक पाण्यात गेले, तर गाडी त्या बाजूला खेचली जाते. काच झाकली जाणे आणि स्टिअरिंग ओढले जाणे या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात, हाच यातील खरा धोका आहे.

पुढे ट्रक किंवा एसटी असेल, तर तिच्या चाकांमागे तुषारांचे धुके चाललेले असते. अशा वेळी कोरड्या रस्त्यावर दोन सेकंदांचे अंतर पुरत असेल, तर ओल्या रस्त्यावर ते चार सेकंदांचे ठेवावे. पुढचे वाहन एखाद्या झाडाजवळून गेले की मनात सावकाश चार आकडे मोजावेत; त्याआधी आपण त्या झाडापाशी पोहोचता कामा नये.

काचेची निगा

अमेरिकेतील मेरी अँडरसन या स्त्रीने वायपरची कल्पना मांडली आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये तिला त्याचे पेटंट मिळाले. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात ट्रामच्या चालकाला समोरचे दिसावे म्हणून थंडीत खिडकी उघडावी लागते, हे पाहून तिला ते सुचले होते. आभाळातून पडणारे पाऊस आणि हिम पुसण्यासाठी हे साधन जन्मले. खालून आलेल्या बादलीभर चिखलपाण्यापुढे ते थोडे उशिराच कामी येते. तरीही ते सज्ज असलेच पाहिजे.

वायपरचे रबर उन्हाळ्यात कडक होते, म्हणून ते दर वर्षी पावसाळ्यापूर्वी बदलावे. पाण्याची टाकी भरलेली असावी आणि फवाऱ्याची छिद्रे बारीक टाचणीने मोकळी करावीत. टाकीत धुण्याची पावडर घालू नये. तिचा पांढुरका थर काचेवर राहतो. काचेवर बाहेरून धुराचा व तेलाचा तवंग असतो आणि आतून श्वासाचा व धुळीचा. समोरून दिव्यांचा झोत आला की याच तवंगामुळे सारे विस्कटून दिसते. म्हणून काच दोन्ही बाजूंनी स्वच्छ ठेवावी. पाणी अंगावर येणार असे दिसताच वायपर आधीच वेगवान गतीत सुरू करावा. काच झाकल्यानंतर कळ शोधण्यात जाणारे सेकंद फार मोलाचे असतात.

इतके करूनही काच झाकली गेलीच, तर घाबरून ब्रेक दाबू नये आणि स्टिअरिंग वळवू नये. अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, हात सरळ आणि स्थिर ठेवावेत. काच झाकण्यापूर्वी रस्ता जसा दिसला होता, तसा तो मनात धरून ठेवावा. मागच्या वाहनालाही त्याच क्षणी काही दिसत नसण्याची शक्यता असते.

घाई आणि पूर

या सर्व उपायांवर पाणी फिरवते ती घाई. अनेक घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम असतो. ऑगस्टमध्ये या भागात सातच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि ढगाळ दिवशी त्याआधीच अंधारून येते. दर्शन आटोपून निघायला उशीर झाला की परतीच्या वाटेवर घड्याळ पाहत गाडी पळवली जाते. तेही कमी प्रकाशात, ओल्या रस्त्यावर आणि थकलेल्या डोळ्यांनी. यावर जुन्या घरांतील उपाय आजही उत्तम आहे. डबा सोबत घ्यावा, वाटेत एखाद्या आडोशाला गाडी उभी करून पाचच्या सुमारास जेवण उरकावे, आणि मग घरी कितीही वाजता पोहोचले तरी चालते. नियमही राहतो आणि वेगही.

उंच गाडीचा आत्मविश्वास पुराच्या पाण्यापुढे तर अजिबात चालत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापूरजवळ शिरोली येथे थेट महामार्गावर आले आणि वाहतूक बंद ठेवावी लागली. गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेली पाण्याची खोली ही थांबलेल्या पाण्याची आणि टणक तळाची असते. वाहते पाणी ३० सेंटिमीटर असले, तरी लहान मोटारींना वाहून नेऊ शकते. ६० सेंटिमीटर असेल, तर बहुतेक मोठ्या गाड्याही तरंगू लागतात. तेथे काच कशी कोरडी राहील, हा प्रश्नच उरत नाही. तेथे माघारी वळावे.

रस्त्यावरचा दुसरा माणूस

गाडीतील माणसांना काच आणि वायपर तरी असतो. शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला तेवढेही नसते. उंच गाडीच्या चाकाने बाजूला फेकलेले वीस लिटर पाणी त्याच्या छातीवर आणि डोळ्यांवर येते. त्याच्या मागे पत्नी आणि मांडीवर मूल असते. त्याचा तोल गेला, तर गाडीतील कुणाला ते कळतही नाही, कारण तोवर गाडी पुढे गेलेली असते. कडेला छत्री धरून उभी असलेली भाजीवाली, गणवेशातील मुले, पेढीच्या पायरीवर चप्पल काढणारे गिऱ्हाईक, या सगळ्यांच्या वाट्याला तेच पाणी येते. काच वाचवण्यासाठी सांगितलेला प्रत्येक उपाय त्यांनाही वाचवतो. त्यासाठी वेगळे काहीच करावे लागत नाही.

मृगाच्या आधीची एक सकाळ एवढ्या कामाला पुरते. ओळंबा, फळीवर बसून कमानीत घातलेला हात, नव्या चार-सहा खुंट्या, दोन रबरी पडदे, वायपरची जोडी आणि भरलेली पाण्याची टाकी. उरलेले काम पावसाळाभर उजव्या पायाने करायचे असते. मग एखाद्या रविवारी गावात शिरताना शाळेच्या कोपऱ्यावर तेच जुने डबके लागते, गाडी चालण्याच्या गतीला येते, पाणी दोन्ही बाजूंना पसरते आणि पुन्हा आपल्या जागी येऊन थांबते. कडेची मुले जागची हलत नाहीत. गाडीतील मुले मात्र थोडी हिरमुसतात, कारण या वेळी काचेवर काहीच उडालेले नसते.